निवृत्तीनंतर दोन गायी: ठेंगणी देशी जात निवडताना

२०१७ साली नोकरी संपली आणि आम्ही दोघं डोंबिवलीचं घर मुलाकडे सोपवून संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या सासरी राहायला आलो. गोठ्याचं छप्पर बसलं होतं, पण सासूबाईंच्या वेळची चिऱ्याची गव्हाण शाबूत होती. ती रिकामी बघवेना. तीन महिन्यांत मी गाय आणली, आणि चुकीची आणली. दिसायला देखणी, पण सातव्या महिन्यात ती गाभडली. रक्त तपासल्यावर सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेल्ला, निघाला. तो रोग माणसालाही होतो. पुढचे दोन महिने आम्ही दोघं स्वतःच्या तपासण्या करत फिरलो.

आज गोठ्यात दोन गायी आणि एक कालवड आहे, तिघीही कोकण कपिला या ठेंगण्या देशी जातीच्या. मधल्या वर्षांत जे शिकले ते क्रमाने लिहिते. मी कोकणात राहते, त्यामुळे उदाहरणं इथली येतील. क्रम मात्र घाटावरही हाच ठेवा.

१. गायीच्या आधी माणूस ठरवा

साठीनंतर गाय पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न जातीचा नसतो. मुंबईत लग्न आहे, चार दिवस जायचंय, धार कोण काढणार? उद्या गुडघा दुखावला तर शेण कोण उचलणार? याचं उत्तर एका माणसाच्या रूपात तयार असेल तरच पुढे वाचा. आमच्याकडे शेजारच्या वाडीतली एक बाई आहेत. रोज सकाळी तासभर येतात आणि आम्ही नसलो की सगळं बघतात. गाय आणण्याआधी महिनाभर त्यांच्या गोठ्यात मी धार काढायला बसत होते. तुम्हीही तसं करा. बोटांत ताकद आहे का, उकिडवं बसता येतं का, पहाटे उठवतं का, हे दुसऱ्याच्या गायीवर आधी कळलेलं बरं.

गाय एक घेऊ नका, दोन घ्या. एकटी गाय हंबरत राहते, दावं तोडून दुसऱ्यांच्या कळपामागे जाते. दोघींची वेतं, म्हणजे विण्याच्या वेळा, पुढेमागे ठेवली तर घरात वर्षभर थोडं का होईना दूध राहतं. दोनच्या वर मात्र पहिली तीन वर्षं जाऊ नका.

२. आपला पाऊस बघा, मग जात ठरवा

ठेंगणी गाय आपल्या वयाला का सोयीची, ते सरळ आहे. दोनशे किलोची गाय ओढली तर आवरता येते, पायावर पाय पडला तर हाड मोडण्याची भीती कमी, आणि ती मोठ्या गीर गायीच्या जवळपास निम्म्या चाऱ्यात भागवते. पण ठेंगणी म्हणजे खेळण्यातली नव्हे. तिलाही शिंगं आहेत, तिचाही माज (फळण्याची वेळ), तिचंही बाळंतपण असतं.

प्रत्येक जात एका हवेत आणि एका मातीत घडलेली असते. म्हणून आधी आपल्या गावचा पाऊस आणि आपल्या जमिनीचा उतार डोळ्यापुढे आणा.

कोकण कपिला. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि गोव्यात जिला आपण नुसतं 'गावठी' म्हणत आलो, तीच ही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केलं आहे. रंग तांबडा, काळा, पांढरा, करडा, कसाही. वजन दोनशे किलोच्या आसपास. कातळावर, सड्यावर चढते, चार महिने पावसात टिकते, पेंढ्यावर आणि डोंगरी गवतावर जगते. दूध दिवसाला दीड-दोन लिटर. कोकणात नवख्याने पहिली गाय हीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. रोज दारावरून जाते म्हणून तिची किंमत आपल्याला कळत नाही.

श्वेत कपिला. गोव्यातली पांढरी गाय. हिचीही स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना जवळची.

मलनाड गिड्डा. कन्नडमध्ये गिड्डा म्हणजे ठेंगणा. शिवमोग्गा, चिक्कमगळूरु, उत्तर कन्नड, उडुपी या सह्याद्रीच्या पावसाळी भागातली गाय, उंची तीन फुटांच्या आसपास. दूध लिटर-दीड लिटर. बाहेरच्या जातींपैकी आपल्या पावसाला ही सगळ्यात जवळची.

वेचूर. केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या वैकमजवळचं वेचूर हे तिचं गाव. उंची सरासरी ९० सेंटिमीटरच्या आत, वजन सव्वाशे-दीडशे किलो. संकरीकरणाच्या लाटेत ही जात संपत आली होती. केरळ कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापक सोसम्मा आयप यांनी १९८९ मध्ये विद्यार्थ्यांसह गावोगाव शोधून उरलेल्या गायी गोळा केल्या आणि मण्णुत्तीला त्यांचा कळप उभा केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दमट हवेतली ही गाय कोकणात राहू शकते. पण खात्रीची गाय मिळायला वाट बघावी लागते आणि वेचूर वळू इथे जवळपास नसतो.

पुंगनूर. सध्या सगळ्यांना हीच हवी असते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान पुंगनूर गायींना चारा घालतानाचे फोटो आले, तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याबद्दल विचारतो. आंध्रच्या चित्तूर भागातली ही गाय. उंची ७० ते ९० सेंटिमीटर, कपाळ रुंद, शिंगं लहान, शेपूट जमिनीला टेकणारी. गोड जनावर आहे. पण ती कोरड्या मुलखातली, आणि कोकणातला जून ते सप्टेंबर तिला नवा. खूर मऊ पडतात, गोचीड चढते. किंमत लाखांत सांगतात. त्या किमतीमुळेच तिच्या नावावर सगळ्यात जास्त फसवणूक चालते.

घाटावर, पठारावर राहणाऱ्यांनी आपल्या भागातली गाय बघावी. लातूरकडे देवणी, नांदेडकडे लाल कंधारी, वर्ध्याकडे गवळाऊ. या मध्यम बांध्याच्या, ठेंगण्या नव्हेत, पण तिथल्या उन्हाच्या आहेत. पूर्व विदर्भात धानाच्या चिखलात वावरणारी कठाणी लहान अंगाची आहे. अकोले-इगतपुरीच्या पावसात डांगीच हवी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि पाऊस अंगावर ठरत नाही. खिल्लार मात्र साठीनंतर पहिली गाय म्हणून घेऊ नका. देखणी आहे, पण तापट आणि चपळ. तिच्यामागे तरुण हात लागतात.

३. दुधाचा हिशेब आधी मनाशी लावा

दीड लिटरमधलं निम्मं वासराचं. देशी गाय वासरू समोर असल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही, म्हणून वासराला आधी दोन चोखे द्यायचे, मग धार काढायची, आणि एक-दोन सड त्याच्यासाठी राखायचे. तुमच्या भांड्यात येईल ते दोन माणसांचा चहा, वाटीभर दही आणि आठवड्याला थोडं तूप, एवढं. दूध विकून खर्च निघेल असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून गाय घेऊ नका.

शेण मात्र दिवसाला आठ-दहा किलो येतं. आमच्या दीडशे काजूंना आणि परसातल्या भाजीला विकतचं खत लागत नाही. फायदा मोजायचा तर तो इथे मोजा.

४. वळू कुठून आणणार?

हा प्रश्न कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही, म्हणून यावर जरा थांबते.

गाय दूध देते कारण ती विते. विण्यासाठी तिला साधारण दर दीड वर्षाने फळवावी लागते. तिच्याच जातीचा वळू पंचक्रोशीत नसेल तर उरतं कृत्रिम रेतन. गुरांच्या दवाखान्यात रेतमात्रा (वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या) असतात त्या बहुतेक गीर, साहिवाल, जर्सी किंवा होल्स्टीनच्या. तीन फुटी गायीला मोठ्या जातीच्या वळूची मात्रा भरली की पोटातलं वासरू मोठं होतं आणि विताना अडतं. आमच्या खालच्या वाडीत एक पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी, गाय अशीच गेली. वासरू रात्रभर अडलं होतं, डॉक्टर पोचेपर्यंत दोघंही गेली. बिचारीच्या मालकाला आपण काय भरलं हेही ठाऊक नव्हतं.

म्हणून गाय ठरवण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा: या जातीची रेतमात्रा मागवून मिळेल का? नसेल तर वळू कुणाकडे आहे? वळू ठेवणाऱ्याला भेटा, आणि त्याचा वळू तुमच्या गायीचा बाप किंवा भाऊ तर नाही ना, हेही विचारा. ठेंगण्या गायी मुळात थोड्या, त्यामुळे नात्यातच फळवणं फार होतं आणि वासरं कमजोर निघतात. वेचूर किंवा पुंगनूर घ्यायचीच असेल तर याचं उत्तर मिळाल्याखेरीज पैसे देऊ नका. आमचा कोकण कपिलाचा आग्रह बराचसा यासाठीच आहे. तिचा वळू दोन वाड्या पलीकडे उभा आहे.

देशी गायीचा माज पुष्कळदा मुका असतो. ओरडत नाही, फक्त चारा कमी खाते, शेपटीखाली काचेसारखी स्वच्छ बळस, म्हणजे चिकट स्राव, दिसते. सकाळी दिसली तर संध्याकाळी फळवा, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. हुकली तर पुढचे एकवीस दिवस थांबायचं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. फळली तर साधारण २८० दिवसांनी विणार.

५. चारा आणि गोठा

दोनशे किलोच्या गायीला रोज बारा ते पंधरा किलो हिरवा चारा, तीन किलो पेंढा किंवा सुकं गवत आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. पोसण्यापुरता किलोभर खुराक (पेंड, भुसा), आणि दुभती असेल तर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे चारशे ग्रॅम जास्त. पाण्याची सोय असेल तर संकरित नेपियर गवत लावा: फुले जयवंत, सीओ-५, जवळ ज्याचं ठोंब मिळेल ते. एका गायीला तीन गुंठे पुरतात. कोकणात फेब्रुवारीनंतर विहिरीने तळ गाठला की हे गणित कोसळतं, म्हणून दोन गायींना निदान दीड टन सुका चारा दिवाळीनंतर लगेच भरून ठेवा. मे महिन्यात पेंढा शोधत फिरणाऱ्याला तो मिळतही नाही आणि परवडतही नाही.

नुसत्या पेंढ्यावर आणि नेपियरवर कॅल्शियम कमी पडतं. रोज तीस-पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नव्हे, चांगलं चमचाभर मीठ द्या. आमच्या गायी प्लास्टिक आणि चिंध्या चघळायच्या, ते यानंतर थांबलं.

शिजवलेला भात, पोळ्या, नैवेद्याचं ताट गायीला घालू नका. शहरातून आलेली नातवंडं, पाहुणे प्रेमाने घालतात आणि रात्री गायीचं पोट फुगतं. पोटात आम्ल वाढून गाय मरूही शकते. काजूच्या दिवसांत गळालेल्या बोंडवांच्या ढिगावरही तिला सोडू नका.

गोठ्याला दोन गायींसाठी छपराखाली पंचाहत्तर चौरस फूट आणि समोर त्याच्या दुप्पट मोकळी, कुंपणाची जागा पुरते. जमीन चिऱ्याची किंवा खडबडीत काँक्रीटची करा. गुळगुळीत फरशीवर गाय आणि आपण दोघंही घसरतो. ज्या भागात बिबट्या फिरतो तिथे रात्री वासरू चारी बाजूंनी बंद खोलीत हवं, दाराला कडी हवी. गाय मोकाट सोडायचे दिवस गेले. आता प्रत्येक बागेला कुंपण आहे, आणि कुणाच्या कलमांत गाय शिरली तर भांडण पिढीभर चालतं.

६. गाय बघायला जाताना

आमच्या वाडीतले आबा, वय ऐंशीच्या पुढे, मला म्हणाले होते, "वहिनी, गाय नका बघू, तिची आई बघा." ठेंगण्या जातीत याला दुप्पट अर्थ आहे. उपाशी ठेवून खुरटलेली कालवड 'मिनी' म्हणून विकतात. सहा महिन्यांनी पोटभर खाऊन ती वाढू लागते, तेव्हा विकणारा फोन उचलत नाही. आई आणि बाप दोन्ही प्रत्यक्ष बघा. मोजपट्टी न्या आणि वशिंडाच्या मागे, खुरापासून पाठीपर्यंत उंची स्वतः मोजा.

वय दातांवरून कळतं. पुढचे खालचे दोन मोठे दात म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास, चार म्हणजे तीन-साडेतीन, सगळे जुळले की साडेचार-पाच. नवख्याने दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, अंगाखाली वासरू असलेली गाय घ्यावी. पहिलारू गाय स्वस्त मिळाली तरी नको. तिलाही काही येत नसतं आणि आपल्यालाही.

सकाळी धारेच्या वेळी जा आणि धार स्वतः काढून बघा. चारही सडांतून धार सरळ येते का, पहिल्या चुळक्यांत गाठी किंवा पाणी आहे का, कास एका बाजूने कडक आहे का, हे हाताला कळतं. मग तिला दाव्याने धरून शंभर पावलं चालवा. मागून जाऊन पाठीवर हात ठेवा. लाथ मारली तर कितीही सुंदर असो, आपल्या वयाला ती नको.

७. तपासण्या आणि कागद

इथे घाई केली म्हणून मी पहिली गाय गमावली. पैसे देण्याआधी सरकारी किंवा नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या, ब्रुसेल्लासाठी नक्की, आणि क्षयाची चाचणीही मागा. गाय लहानपणी ब्रुसेल्लाची लस घेतलेली आहे का ते डॉक्टरांना सांगा, कारण त्याने चाचणीत फरक पडतो. ती लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच देतात, मोठ्या गायीला ती देऊन चालत नाही. विक्रेता "आमच्या गायी निरोगीच आहेत" म्हणत तपासणीला नकार देत असेल तर परत फिरा.

सोबत हवेत ते कागद:

- कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला. त्याचा क्रमांक सरकारच्या 'भारत पशुधन' नोंदीत कुणाच्या नावावर आहे ते दवाखान्यातून बघून घ्या, आणि विकत घेतल्यावर नाव बदलून घ्या. बिल्ल्याविना लसीकरण, विमा, विक्री सगळंच अडतं.
- विक्रीची पावती, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि बिल्ला क्रमांकासह. बाजारातून घेतली तर बाजार समितीची पावती.
- पशुवैद्यकाचा आरोग्य आणि वाहतुकीचा दाखला. परराज्यातून आणायची तर तिथल्या पशुसंवर्धन विभागाची परवानगी लागते का, ते निघण्याआधी विचारा. कर्नाटकात नियम कडक आहेत.
- लसीकरणाची नोंद: लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी.
- तुमचा सातबारा आणि आधार, रस्त्यात कुणी थांबवलं तर गाय शेतीसाठी नेतो आहोत हे दाखवायला.

गाडी दिवसा काढा. तळाला वाळू आणि पेंढा पसरा. सातव्या महिन्यापुढची गाभण गाय गाडीत घालूच नका.

८. पाडा (नर वासरू) झाला तर

निम्म्या वेळा पाडाच होणार. लिंगनिर्धारित रेतमात्रा (बहुधा कालवडच होईल अशा) मोठ्या जातींच्या मिळतात, या ठेंगण्या जातींच्या सहज मिळत नाहीत. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, आणि आपल्यासारख्या माणसाला ते मनातूनही नको असतं. मग तो पाडा पंधरा वर्षं कुणाच्या गोठ्यात राहणार? आमचा पहिला पाडा वरच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याने नांगराला नेला, दुसरा पाडा आम्ही एकाला वळू म्हणून ठेवण्यासाठी दिला. दोघांकडूनही शब्द आधी घेतला होता, गाय गाभण असतानाच. नोंदणीकृत गोशाळांना प्रत्येक देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान द्यायचं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं, पण गोशाळा भरलेल्या आहेत. शेवटचा उपाय म्हणूनच तिकडे बघा. भाकड झाल्यावरही, म्हणजे दूध थांबल्यावरही, गाय मरेपर्यंत सांभाळायची तयारी असेल तरच ती विकत घ्या. गाय वीस वर्षं जगते, आणि आपलं वय आज किती आहे? माझ्या मुलाला मी हे विचारलं आणि त्याने हो म्हटल्यावरच कालवड ठेवली.

९. आणल्यावर पहिला महिना

गाय उतरली की पाणी, सुकं गवत, बस. पहिले दोन दिवस खुराक नको, मग थोडाथोडा वाढवा. घरात आधीची गाय असेल तर नवीला एकवीस दिवस वेगळ्या छपराखाली, वेगळ्या बादलीने. गोचीड बघा, जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या. घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी, लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. २०२२ च्या लम्पीत आमच्या पंचक्रोशीत लस घेतलेली जनावरं तगली, म्हणून तीही दरवर्षी टोचतो.

दूध नेहमी उकळूनच प्या. 'देशी आहे, धारोष्ण घ्या' असा आग्रह होईल, तो ऐकू नका. गाय गाभडली तर पडलेला गर्भ किंवा वार (गर्भासोबतचं आवरण) उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि डॉक्टरांना बोलवा.

विल्यावर दोन तासांच्या आत वासराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, थोडाथोडा करून. वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नका, फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. रात्री घाबरल्यावर तो आठवत नाही आणि चष्माही सापडत नाही. गोठ्याच्या चौकटीवर ठसठशीत ऑइलपेंटने लिहून ठेवा, आणि खाली धार काढणाऱ्या बाईंचाही.